आपलीच वस्तू उसनी का आणली?

कराडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "२०२४ साली सहावीच्या मुलांना घेऊन साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं पाहायला गेले होते. परत येताना एका मुलीने विचारलं, आपलीच वस्तू आपण तीन वर्षांसाठी उसनी का आणली? मला उत्तर देता आलं नाही. युद्धात कलावस्तूंचं आणि कलाकारांचं काय होतं, लुटून नेलेलं परत कसं येतं, आणि यातलं शाळेत काय शिकवता येईल?"

बाई, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी बत्तीस वर्षं जुनी चित्रं आणि जुने कागद सावरण्याचं काम केलं. आता साताऱ्यातच असते. वाघनखांच्या रांगेत मीही दोनदा उभी राहिले. आजूबाजूला सगळे फोटो काढत होते. तिच्या मनात आलेला प्रश्न विचारणारं मला तिथे कुणी भेटलं नाही.

वाघनखांपासूनच सुरुवात करते. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आली आणि १९ जुलै २०२४ पासून साताऱ्यात मांडली गेली. १८१८ नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती होती. पुढे त्याच्याच घराण्यातल्या एड्रियन ग्रँट डफने ती म्युझियमला दिली. सोबत एक डबी आहे. ही शिवाजी महाराजांची वाघनखं असून पेशव्यांच्या मुख्य कारभाऱ्याने ती साताऱ्यात असताना ग्रँट डफला दिली, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यावर आहे. प्रतापगडच्या पायथ्याला वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं म्युझियम स्वतःच सांगतं.

आता त्या मजकुरातला "दिली" हा शब्द बघा. पेशवाई बुडालेली, किल्ले एकामागून एक पडलेले, आणि हरलेल्या बाजूचा माणूस जिंकलेल्या बाजूच्या साहेबाला वस्तू "देतो". ती भेट होती, नजराणा होता, की उद्याची सोय बघून केलेली मनधरणी होती? एका क्रियापदात हे सगळं मावतं, आणि दोनशे वर्षांनी ते क्रियापदच पुरावा होऊन बसतं. देणाऱ्याच्या बाजूचा एखादा मोडी कागद, जामदारखान्याच्या यादीतली एखादी ओळ समोर ठेवता आली असती, तर बोलणं वेगळ्या पायरीवर झालं असतं. त्यातून ब्रिटनमध्ये १९८३ चा नॅशनल हेरिटेज अ‍ॅक्ट आहे. त्या कायद्याने म्युझियमच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू मनाला येईल तशी देऊन टाकता येत नाही. म्हणून देताना "मुदतीवर" हा शब्द येतो. मुलीला एवढं सांगा: तिकडे कायदा आहे आणि इकडे कागद नाही, म्हणून उसनी.

लूट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हंडे फोडणारे शिपाई येतात. पण इंग्रजांची लूट टेबलावर बसून, हिशेब ठेवून व्हायची. जिंकलेल्या मालाला ते "प्राइझ" म्हणत. त्यासाठी प्राइझ एजंट नेमत, माल लिलावात काढत आणि रक्कम हुद्द्याप्रमाणे वाटत. १८१७-१८ च्या युद्धातल्या "डेक्कन प्राइझ"चा वाटा कुणाला किती, यावर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज आणि सेनापती हिस्लॉप यांच्या बाजूंचा वाद लंडनमध्ये कित्येक वर्षं चालला. तो पैसा सांभाळायला नेमलेल्या विश्वस्तांत खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. याच युद्धात रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांचं द्रव्य जप्त झालं. त्यांच्या वतीने दावा लागला, मुंबईच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपिलाच्या न्यायालयाने, तो फिरवला. कारण असं दिलं की ही जप्ती युद्धातली आहे, साध्या न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही. युद्ध म्हटलं की दाद बंद! आपल्याकडच्या शेकडो वस्तूंचं नशीब त्या एका निकालात दिसतं.

२०२५ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली. सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा खजिना इंग्रजांच्या हाती गेला, तलवार त्यातूनच गेली असावी असं मानलं जातं. ती घरी आली याचा मला मनापासून आनंद झाला. पैसे मोजावे लागले याचं दुःखही तेवढंच झालं.

याउलट पॅरिसची गोष्ट बघा. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी फ्रान्समधल्या ज्यूंच्या घरांतून चित्रं उचलली आणि जू द पोम नावाच्या इमारतीत गोळा केली. रोझ व्हालां नावाची एक साधी, चष्मेवाली बाई तिथे काम करत होती. तिला जर्मन समजतं हे तिने कुणाला कळू दिलं नाही. कुठलं चित्र कुणाच्या घरचं, कुठल्या पेटीत गेलं, कुठल्या गाडीने कुठे गेलं, हे ती चार वर्षं लपून टिपत राहिली. सापडली असती तर गोळी ठरलेली होती. युद्ध संपताना दोस्तांच्या फौजेतल्या कलारक्षक अधिकाऱ्यांना तिने ती टिपणं दिली, आणि बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन किल्ल्यात दडवलेला माल सापडला. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा माग त्या टिपणांत होता. माझ्या कामाच्या खोलीत मी तिचं छायाचित्र लावलं होतं. येणारे विचारायचे, या कोण, तुमच्या नात्यातल्या का? मी हो म्हणायचे.

ऑस्ट्रियात आल्टाउसे इथे मिठाची खाण आहे. साडेसहा हजारांवर चित्रं तिच्यात भरून ठेवली होती. मायकेलअँजेलोने घडवलेली ब्रूजची मेरीची संगमरवरी मूर्ती तिथेच होती, गेंटच्या चर्चमधलं चित्रही तिथेच. शेवटी शेवटी तिथल्या नाझी अधिकाऱ्याने पाचपाचशे किलोचे बॉम्ब पेट्यांत घालून आत नेले. पेट्यांवर लिहिलं होतं: संगमरवर आहे, पाडू नका. खाणकामगारांनी ते बॉम्ब हळूच बाहेर काढले. मिठाची खाण हीच त्यांची रोजीरोटी, ती उडाली असती तर ते उघड्यावर आले असते. स्वतःची चूल वाचवताना त्या माणसांनी मायकेलअँजेलोही वाचवला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

पण यादी असली तरी वाट लांबच असते. क्लिम्टने काढलेलं अडेले ब्लॉख-बाउअरचं सोनेरी चित्र १९३८ नंतर त्या घरातून गेलं आणि त्यांची भाची मारिया आल्टमान हिला २००६ मध्ये परत मिळालं. तेव्हा तिने नव्वदी गाठली होती. १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी नाझी लुटीबद्दल तत्त्वं मान्य केली. वसाहतींच्या लुटीसाठी तसं एकमत अजून झालेलं नाही.

आता रशियातलं लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. तिथे मला थोडं थांबायचं आहे. १९४१ च्या जुलैत हर्मिटाज संग्रहालयातून दोन आगगाड्या उरल पर्वताकडे स्वेर्दलोव्स्कला गेल्या. दोन्ही मिळून दहा लाखांहून जास्त वस्तू होत्या. तिसरी गाडी भरत होती, तेवढ्यात शहराला जर्मन फौजेचा वेढा पडला. तो पुढे ८७२ दिवस टिकला. चित्रं नेताना चौकटी भिंतीवर तशाच ठेवल्या होत्या, परत आल्यावर कुठलं चित्र कुठे हे शोधावं लागू नये म्हणून. मदतीला आलेल्या सैनिकांना तिथल्या एका मार्गदर्शकाने त्या रिकाम्या चौकटींपुढून फिरवलं आणि प्रत्येक चौकटीत कुठलं चित्र होतं, त्यात उजेड कुठून येतो, कोण कुणाकडे बघतं, हे आठवून सांगितलं. माणसं उभी राहून नसलेली चित्रं बघत होती.

संग्रहालयाच्या तळघरांत लोक आसऱ्याला राहत. अलेक्सांद्र निकोल्स्की नावाचा वास्तुरचनाकार त्यांतलाच एक. दिव्याच्या मिणमिण उजेडात त्याने ती तळघरं काढली, वर्तमानपत्र वाचणारी, अंथरुणात गुरफटलेली माणसं काढली. शहरात भूक एवढी की लोकांनी सुतारी सरस उकळून त्याची जेली करून खाल्ली. मी आयुष्यभर रंगाचे पापुद्रे बसवायला सरस भिजवत आले. आजही तो वास आला की लेनिनग्राड आठवतं.

लंडनने आपली चित्रं वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेली. आत तापमान आणि दमटपणा वर्षभर सारखा ठेवला, तर चित्रं इतकी निरोगी राहिली की दुरुस्तीचं काम कमी झालं. संग्रहालयात हवा सारखी का ठेवायची, हा माझ्या धंद्यातला मोठा धडा त्या खाणीने पक्का केला.

काबूलमध्ये तिल्या तेपेच्या उत्खननातलं सोनं, वीस हजारांवर नग, संग्रहालयाच्या लोकांनी १९८९ च्या सुमारास मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत ठेवलं. आणि मग ते गप्प बसले. राजवटी बदलल्या, माणसं मारली गेली, संग्रहालयावर तोफगोळे पडले, तरी पंधराएक वर्षं कुणी तोंड उघडलं नाही. २००४ मध्ये पेट्या उघडून मोजदाद झाली तेव्हा सोनं जागेवर होतं. त्याच शहरात मोहम्मद युसूफ आसेफी हे डॉक्टर आणि चित्रकार. माणसांची आणि जनावरांची चित्रं तालिबान फाडणार हे ओळखून त्यांनी राष्ट्रीय कलादालनातल्या ऐंशीएक तैलचित्रांतल्या आकृतींवर जलरंग चढवला. घोड्याच्या जागी झुडूप, माणसाच्या जागी वाट. तेलाचा रंग पक्का वाळलेला असला की वरचा पाण्याचा रंग ओल्या स्पंजने पुसता येतो. रंगकामाची ही अगदी पहिली पायरी, तुमच्या मुलांनाही कळेल. राजवट गेल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर ओला स्पंज फिरवला आणि घोडे परत आले.

सगळेच वाचले नाहीत. सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहराच्या अवशेषांची खालेद अल-असाद यांनी चाळीस वर्षं देखभाल केली. वस्तू कुठे लपवल्या ते सांगितलं नाही, म्हणून २०१५ च्या ऑगस्टमध्ये आयसिसने त्यांना मारलं. वय ऐंशीच्या पुढे.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते. १९५४ चा हेग करार युद्धात सांस्कृतिक वस्तू जपण्याबद्दल आहे. भारत त्यात आहे, आणि निळी-पांढरी ढाल ही त्याची खूण. आफ्रिकेत मालीमधल्या टिंबक्टूच्या जुन्या कबरी पाडल्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अहमद अल-माहदीला नऊ वर्षांची शिक्षा दिली. वास्तू पाडणं हा युद्धगुन्हा आहे, एवढं तरी आता लिहून ठेवलेलं आहे.

तुम्ही कलाकारांबद्दलही विचारलंत. मुलांना औंधला घेऊन जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे गर्दी असते, पण हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्पही तिथे आहे. त्याच्यापुढे मुलांना बसवा आणि सांगा: याच माणसाने १९४० च्या हिवाळ्यात, लंडनवर बॉम्ब पडत असताना, भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपलेल्या बायका आणि मुलं पाहिली. त्यांच्या तोंडावर वही धरून काढणं त्याला बरं वाटेना. म्हणून तो खुणेपुरतं टिपायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी आठवून काढायचा. एकाच पांघरुणाखाली ओळीने पडलेली माणसं. सरकारने युद्धचित्रकार नेमण्यासाठी समिती केली होती, तिने ही चित्रं घेतली. औंधची ती दगडी आई आधी बघितली की भुयारातल्या आया ओळखीच्या वाटतात.

आणि त्याच वर्षांत आपल्या वाळव्याकडचा, वाटेगावचा एक माणूस मुंबईत स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचत होता. अण्णाभाऊ साठे. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या शहराचं दुःख त्यांनी डफावर आणलं, आणि गिरणगावात लोक ते उभं राहून ऐकत. पोवाडा हा आपला जुना युद्धकलाप्रकार. अण्णाभाऊंनी तो आपल्या मुलखाबाहेर नेला, याचं मोल आपण नीट ओळखलेलं नाही असं मला वाटतं.

तेरेझिनच्या छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार मुलांना चित्रकला शिकवायची. तिला पुढे आउशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली, आणि चित्रांवर मुलांची नावं होती. ती शिकवतानाच सही करायला लावायची. तुम्ही चित्रकला शिकवता म्हणून हे मुद्दाम लिहिते. तुमच्या वर्गातही प्रत्येक चित्रावर नाव आणि तारीख घालायला लावा.

आता एक गोष्ट जरा जपून लिहिते, कारण ती आपल्या अंगणातली आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावर एका छोट्या दगडी मंडपीत मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे, आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, आणि ही मेणवलीची. वसईचा विजय माझ्याही अभिमानाचा आहे. पण ती घंटा ज्यांनी ओतून घेतली त्यांच्या दृष्टीने ती काय आहे, हे मुलांनी विचारलं तर मागे सरकू नका. लंडनला जे विचारतो ते मेणवलीच्या घाटावर उभं राहूनही विचारता आलं पाहिजे. माझं स्वतःचं मत असं आहे की घंटा तिथेच राहावी, आणि तिच्याशेजारी ती कुठून, कशी आली हे ठळक मराठीत लिहिलेलं असावं. कुणाचं मत वेगळं असेल तर मी ते ऐकून घेईन.

मेणवलीवरून दप्तर आठवलं. नानांचे तिथले कागद साताऱ्याचे इतिहाससंशोधक रावबहादूर पारसनीस यांनी मिळवले आणि चित्रं, कागद गोळा करून साताऱ्यात संग्रहालय उभं केलं. त्यांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्यातून गेला याची हळहळ इथल्या जुन्या माणसांना होती. पण तो नोंदीसह एकत्र गेला, म्हणून आज अभ्यासकाला मिळतो.

माझ्या कामातला सगळ्यात वाईट दिवस युद्धाचा नव्हता. एका जुन्या संग्रहातून चित्र गेलं. नोंदवहीत एकच ओळ होती: "देवीचे चित्र, फ्रेमसह, नग १." पोलिसांनी विचारलं, कुठली देवी, केवढं, कुणी काढलेलं? खोलीत सहा माणसं होतो, सहाही जणांनी ते चित्र वर्षानुवर्षं पाहिलं होतं, आणि दोघांचंही वर्णन जुळेना. चित्र मिळालं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा घरांत शिरली. त्यानंतर एका वाड्यातले भिजलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडवायला मी गेले. वीज नव्हती, आणि बुरशी दोन-तीन दिवसांत धरते. तेव्हा एका भल्या माणसाने बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा दिली. रुमाल न उलगडता प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथे ठेवले, आणि रोज थोडे थोडे बाहेर काढून टीपकागदात वाळवले. मोडीची काजळीची शाई टिकली, वर मारलेले जांभळे शिक्के पसरले. पण कुठल्या फडताळात कुठला रुमाल होता, ते त्या घरच्या आजींनी एका शाळेच्या वहीत लिहून ठेवलेलं होतं आणि वही माळ्यावर होती. त्या वहीमुळे आधी काय उचलायचं ते कळलं. पूर असो की बॉम्ब, हाताशी तास-दोन तास असतात, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

म्हणून शाळेत करायचं काम असं. प्रत्येक मुलाने घरातली किंवा गावच्या देवळातली एक जुनी वस्तू घ्यावी. समई, पोथी, तांब्या, काहीही. समोरून, मागून, बाजूने फोटो काढावा, फोटोत मोजपट्टी ठेवावी. कशाची आहे, केवढी आहे, वर काय कोरलंय ते लिहावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला काय लागलंय ते लिहावं: कुठला कोपरा तुटला, कुठे डाग दिला, कुठे पोचा पडला. चोरीला गेलेली समई बाजारात दुसऱ्या शंभर समयांसारखीच दिसते, पोच्यावरून ओळखू येते. जगभरचे पोलीस आणि संग्रहालयं वापरतात त्या "ऑब्जेक्ट आयडी" पद्धतीतही हेच विचारतात. घरात कुणाकडून आली तेही लिहावं, आजीच्या शब्दांत, तारखेसह. मूर्ती, जुनं चित्र, सचित्र पोथी असं काही निघालं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली सरकारी नोंदणी असते, ते घरच्यांना सांगा. वहीची एक प्रत शाळेत, एक दुसऱ्या गावात ठेवा.

सुरुवात मेणवलीच्या घंटेपासून करू या. दिवाळीनंतर घाटावरचं पाणी उतरलं की मुलांना घेऊन या. कापडी टेप, टॉर्च आणि ठसा घ्यायला पातळ कागद मी आणते. त्या मुलीला म्हणावं, वहीतली पहिली नोंद तिने लिहायची आहे.